१२३४५६७८९८७६५४३२१ ला कशाकशाने भाग जातो, आणि त्यात आपली देवळाली कुठून आली

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचायला लागलेल्यांनाही कळेल. जेलरोडच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या आठवीतल्या मुलीला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आला, १२३४५६७८९८७६५४३२१ हा म्हणे जादूचा नंबर आहे, उलटा वाचला तरी तोच येतो, त्याला १ आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, आणि असा नंबर जगात एकच. मुलीने तो एक्सेलमध्ये टाकून बघितला तर शेवटी ३२१ च्या जागी ३०० दिसायला लागले, मग घरात वाद, नंबर चुकलाय की कॉम्प्युटर.

ताई, उलटा वाचला तरी तोच हे खरं आहे, बाकी दोन्ही थापा. पण थापा बाजूला ठेवल्या तरी नंबर खरंच भारी आहे, फॉरवर्डवाल्याला जेवढा वाटला त्याच्यापेक्षा जास्त. मी नाशिकरोडला २६ वर्षं स्कॉलरशिप आणि ऑलिंपियाडच्या पोरांना गणित शिकवतोय आणि दर जूनमध्ये नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी हाच नंबर फळ्यावर लिहितो, त्यामुळे उत्तर जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिले हा केवढा मोठा आहे ते बघू. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१, म्हणजे एकूण १७ अंक. कोटीच्या वर आपण हल्ली लाख कोटी म्हणून वेळ मारून नेतो, पण भास्कराचार्यांच्या लीलावतीत एक, दश, शत पासून परार्धापर्यंत प्रत्येक घराला वेगळं नाव दिलंय, अशी १८ नावं आहेत. त्या हिशोबाने आपल्या नंबरचा सगळ्यात डावीकडचा १ बसतो 'मध्य' नावाच्या घरात आणि अगदी मधला ९ बसतो 'अर्बुद' मध्ये, म्हणजे टोकाला असलेल्या घराचं नाव मध्य, पोरांना याची फार गंमत वाटते. सेकंदाला एक या वेगाने न झोपता मोजत बसलात तर इथपर्यंत पोचायला जवळजवळ ३९ कोटी वर्षं लागतील.

आता भाग जातो का ते. कॅल्क्युलेटर काढायची गरजच नाही, आडवी बेरीज करा. १ ते ९ ची बेरीज ४५, मग परत येताना ८ ते १ ची ३६, झाले ८१. ८१ ला ९ ने भाग जातो म्हणजे अख्ख्या नंबरला ९ ने भाग जातो, विषय संपला, ही मूळ संख्या नाही. फॉरवर्ड अर्ध्या मिनिटात गार. असंच आणखी दोन मिनिटं दिली तर ११ चीही कसोटी लागते, एकाआड एक अंक घेतले तर एका गटाची बेरीज ४१ आणि दुसऱ्याची ४०, फरक १, म्हणजे ११ ने भागलं तर बाकी १ उरते. ७ ने भागलं तरी बाकी १ च. २ आणि ५ तर शेवटचा अंक बघूनच बाद.

इथे एक सांभाळा. बेरीज ८१ आली म्हणून ८१ नेही भाग जाणारच असं दरवर्षी कोणीतरी ठोकून देतंच, पण आडवी बेरीज हा नियम फक्त ३ आणि ९ चा आहे, ८१ चा नाही. आपल्या नंबरला ८१ ने भाग जातो हे खरंय, पण त्याचं कारण वेगळं आहे आणि ते कळलं की सगळाच नंबर उलगडतो.

कारण असं की हा नंबर म्हणजे नऊ वेळा एक, १११११११११, त्याचा वर्ग. हे पाठ करायला सांगितलं तर काही मजा नाही, मांडून बघायला लावा. छोटं घ्या, ११११ गुणिले ११११. आपला शाळेतला उभा गुणाकार, पहिली ओळ ११११, दुसरी ओळ खाली एक फुली मारून परत ११११, तिसरी दोन फुल्या मारून, चौथी तीन फुल्या मारून. चार ओळी, सगळ्या सारख्याच, फक्त प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा, एककाच्या घरात एकटा १, दशकात दोन, शतकात तीन, हजारात चार, आणि मग पुढे ओळी एकेक करून संपायला लागतात म्हणून तीन, दोन, एक. १२३४३२१. पांडवलेणीच्या पायऱ्या चढून जावं आणि त्याच मोजत खाली यावं तसं. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ जमतात, आणि इथेच खरी गोम आहे, कुठल्याच घरात हातचा येत नाही. अख्ख्या नंबरची शान तेवढ्यावर आहे, हातचा नाही. म्हणून दहाच्या ऐवजी सोळाच्या पद्धतीत किंवा दहाच्या वरच्या कुठल्याही पायाच्या पद्धतीत लिहिलंत तरी तिथलं १११११११११ त्याच्याशीच गुणल्यावर हेच अंक ह्याच क्रमाने येतात, कारण हातचा नसला की पाया किती हे गुणाकाराला कळतच नाही.

मग फळ्यावर मी विचारतो, दहा एक घेतले तर काय होईल? निम्मी बॅच आनंदाने १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं काहीतरी लिहिते. नाही हो. मधल्या घरात दहा जमले, शून्य ठेवलं हातचा एक, शेजारच्या घरात नऊ होते त्यात हातचा मिळून दहा, परत शून्य, हातचा एक, त्याच्या शेजारी आठ होते त्याचे झाले नऊ, आणि तिथे हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडून वाचत या, सातनंतर डायरेक्ट नऊ, आठ गायब! हा आठ कुठे गेला हे पोरांनी स्वतः बोट ठेवून शोधायला पाहिजे, मी सांगत नाही, एकेकदा अर्धा तास जातो पण तो अर्धा तास वाया नसतो. आणि उलटा वाचला तर तोच नंबर आता राहत नाही. म्हणजे १, १२१, १२३२१ अशी जी मालिका आहे तिच्यात हा खेळ नऊ वेळाच चालतो आणि आपला नंबर त्यातला शेवटचा, नववा. 'जगात एकच' ही थाप इथे पडते, त्याला आठ धाकटी भावंडं आहेत.

आता अवयव पाडू. १११११११११ चे अवयव काढले की झालं, वर्गात तेच दोन दोनदा. तीन तीन अंकांचे गट करून बघा, १११, १११, १११. म्हणजे हा १११ गुणिले १००१००१. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, हे पाढ्यातलं. १००१००१ ची आडवी बेरीज ३, त्याला ३ ने भागलं की ३३३६६७. म्हणजे १११११११११ = ९ × ३७ × ३३३६६७. यातल्या ३७ आणि ३३३६६७ चा गुणाकार केलात तर येतो १२३४५६७९, परत आठ गायब, आणि योगायोग नाही, तोच हातचा इथेही आठाला खाऊन गेलाय. १ ला ८१ ने भागत बसा, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९ असं चालूच राहतं, तिथेही तेच.

३३३६६७ ला पुढे भाग जातो का हा खरा प्रश्न, आणि इथे मला एक युक्ती दाखवायची आहे जी पुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात. साधा मार्ग म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, वर्गमूळ ५७७ च्या जरासं पुढे, म्हणजे शंभरच्या वर भागाकार. कोण करणार. पण विचार करा, ३३३६६७ ला एखाद्या मूळ संख्येने भाग गेला तर १००१००१ लाही जाणार, १११११११११ लाही जाणार आणि ९९९९९९९९९ लाही जाणार. नऊ नऊंना भाग जातो याचा अर्थ त्या संख्येने १ ला भागलं तर दशांशात आकडे नऊ नऊच्या गटाने परत परत येतात, आणि मग सगळ्यात छोटा परत येणारा गट एकाचा, तिनाचा नाहीतर नवाचा असू शकतो, दुसरा नाही. एकाचा गट देणारी मूळ संख्या ३, तिनाचा गट देणारी ३७, कारण १ भागिले ३७ म्हणजे ०.०२७०२७०२७. ३३३६६७ ची आडवी बेरीज २८, तीन बाद. ३७ ने भागलं तर बाकी १, अगदी थोडक्यात हुकलं, पण हुकलं. उरला नवाचा गट, आणि फर्माचा नियम सांगतो की असा गट असेल तर त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ९ ने भाग गेलाच पाहिजे. वर ती संख्या विषमही आहे, म्हणजे १८ ने भागून बाकी १ उरणाऱ्याच मूळ संख्या तपासायच्या. १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३ असं करत ५७७ पर्यंत अशा फक्त १७ आहेत! सतरा भागाकार, एका पानाच्या आत, आणि एकालाही भाग जात नाही. ३३३६६७ मूळ संख्या आहे, सिद्ध झालं, कॉम्प्युटर न लावता. तुमच्या मुलीला हे एका रविवारी करायला द्या, रफ वहीत, १९ ने भागलं तर बाकी ८ आली पाहिजे आणि ५७७ ने भागलं तर १६१, एवढे दोन मी देतो तपासायला, बाकीचे तिचे तिने.

मग आपला नंबर झाला ३ चा चौथा घात गुणिले ३७ चा वर्ग गुणिले ३३३६६७ चा वर्ग. ८१ ने भाग का जातो ते आता दिसतंय, १११११११११ मध्ये ९ आहे म्हणून वर्गात ८१ आहे. विभाजक किती? घातांत एकेक मिळवून गुणा, ५ × ३ × ३ = ४५. विषम आले कारण वर्गसंख्या आहे, २२ जोड्या लागतात आणि मधोमध १११११११११ एकटाच स्वतःशी जोडी लावून बसतो. हे ४५ लिहायला बसलात तर मध्ये छान छान मंडळी भेटतात, ९९९ आहे, १३६९ आहे, आणि १२३२१ सुद्धा आहे, म्हणजे धाकट्या भावाने मोठ्या भावाला पूर्ण भाग जातो, भागाकार १००२००३००२००१, तोही उलटसुलट सारखा. ३३३६६७ चा नुसता वर्ग करून बघा, १११३३३६६६८८९ येतो, मी पहिल्यांदा केला तेव्हा वाटलं काहीतरी चुकलं. आणि स्वतः नंबर सोडून बाकीच्या ४४ विभाजकांची बेरीज केली तर ती नंबरच्या निम्म्याच्या थोडीशीच वर जाते, त्यामुळे परिपूर्ण संख्या (म्हणजे जिच्या बाकीच्या विभाजकांची बेरीज बरोबर तिच्याएवढीच येते ती) वगैरे म्हणून कोणी फॉरवर्ड पाठवला तर तोही डिलीट.

आता एक्सेलचं. मुलगी बरोबर, नंबर बरोबर, आणि कॉम्प्युटरही त्याच्या नियमाने बरोबरच. एक्सेल आकडा म्हणून टाकलेल्या संख्येचे पहिले १५ अंक ठेवतं, त्यापुढचे शून्य करून टाकतं. आपले १७, म्हणून शेवटच्या २१ चे झाले ००, ३२१ चे ३००. दुसऱ्या काही प्रोग्रॅममध्ये, ब्राउझरमध्ये वगैरे, शेवटी ३२० येतं, त्याचं कारण असं की तिथे संख्या साठवायला दोनाच्या पद्धतीतले ५३ अंकच मिळतात, २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, त्याच्या वर गेलं की काही अंतरापर्यंत फक्त सम संख्यांना जागा उरते, आणि आपला नंबर त्याच्या वर आहे आणि विषम आहे, मग शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसतो. पायथॉनमध्ये टाकला तर पूर्ण राहतो, तिथे पूर्णांकाला अशी मर्यादा नाही. एक्सेलमध्ये सेल आधी टेक्स्ट करून टाकला तर दिसेल नीट, पण मग त्याच्याशी गुणाकार भागाकार करायला गेलात की परत पहिल्यासारखंच.

याने मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय म्हणून इतकं लिहितोय. काही वर्षांपूर्वी सराव परीक्षेचा पेपर काढला होता, प्रश्नांची यादी शीटमध्ये होती, तिथून कॉपी पेस्ट, प्रिंट, झेरॉक्स, पोरांच्या हातात. प्रश्न होता 'या संख्येला ९ ने भाग जातो का', माझ्या उत्तरपत्रिकेत हो. छापलं गेलं होतं १२३४५६७८९८७६५४३००. वर्गात सगळ्यांनी हो लिहिलं, कारण पहिल्या दिवशी फळ्यावर सरांनी सांगितलेलं आठवत होतं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी एकटीच 'नाही' लिहून बसली. मी लाल पेनाने फुली मारली. दुसऱ्या दिवशी ती पेपर घेऊन आली, शांतपणे म्हणाली, सर आडवी बेरीज ७८ येते. मी मोजली. ७८. परत मोजली. बाकी सगळ्यांनी नंबर वाचलाच नव्हता, ओळखीचा चेहरा बघून उत्तर दिलं होतं, आणि मीही तेच केलं होतं. तिचा मार्क दिला, इतरांचे कापले नाहीत कारण चूक माझी, पण तेव्हापासून पेपर प्रिंटला जायच्या आधी प्रत्येक मोठा आकडा बोट ठेवून वाचतो.

बरं, पायथागोरस. हे मला फार आवडतं आणि हे फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. आपला नंबर एक वर्ग आहे, म्हणजे १११११११११ हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण धरला तर दोन बाजू पूर्णांकात मिळतील का? कर्णाच्या अवयवांत ४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या असेल तरच मिळतात. ३ ची बाकी ३, ३३३६६७ चीही ३, पण ३७ ची बाकी १. ३७ एकटाच कामाचा. ३७ कर्णाचा त्रिकोण १२, ३५, ३७ हा आहे, १४४ आणि १२२५ मिळून १३६९. आता १११११११११ म्हणजे ३७ च्या ३००३००३ पट, तेवढ्यानेच बाजू ताणा, ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५. बघा कसे दिसतात ते! ३६०३६०३६ चा वर्ग आणि १०५१०५१०५ चा वर्ग, बेरीज १२३४५६७८९८७६५४३२१. आणि कामाची मूळ संख्या एकच असल्यामुळे हा असा एकच त्रिकोण आहे, दुसरी जोडी शोधायला जाऊ नका, मिळणार नाही.

आता देवळाली. नाशिकमध्ये बसून हा नंबर विचारायचा आणि कापरेकरांचं नाव नाही घ्यायचं म्हणजे त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीकडे पाठ करून बसण्यासारखं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १७ जानेवारी १९०५ डहाणूचा, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनला, विद्यार्थी असतानाच १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस, १९२९ ला पदवी आणि १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत आपल्या देवळालीत शाळामास्तर. पदवीच्या पुढचं शिक्षण नाही, हाताशी वही पेन्सिल. ६१७४ वालं त्यांचं काम १९४९ चं, ते बहुतेकांना माहीत असतं, चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, त्यांची सगळ्यात मोठी संख्या मांडून तिच्यातून सगळ्यात लहान वजा करा, उत्तराच्या अंकांचं परत तेच करत राहा, शेवटी ६१७४ वर येऊन अडकता. पण जगाला त्यांचं नाव कळलं १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर या गणिताच्या गमतीजमतींवर लिहिणाऱ्या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या त्याच्या सदरात लिहिलं तेव्हा, म्हणजे निवृत्त होऊन १३ वर्षं झाल्यावर. १९८६ ला देवळालीतच गेले. माझ्या क्लासपासून रिक्षाने वीस मिनिटांवर हा माणूस राहत होता आणि मला त्याचं नाव कॉलेजात गेल्यावर कळलं, असो.

तर १, १२१, १२३२१ पासून आपल्या नंबरपर्यंतच्या या मालिकेला नाव आहे, वंडरफुल डेम्लो नंबर, आणि हे नाव कापरेकरांनीच दिलेलं. डेम्लो हे एका स्टेशनचं नाव, जीआयपी रेल्वेवर (आत्ताची मध्य रेल्वे) मुंबईपासून ३० मैल, म्हणजे आत्ताचं डोंबिवली. तिथे त्यांना हे सुचलं म्हणून स्टेशनचंच नाव ठेवलं. डेम्लो नंबरची खूण अशी की मधला भाग बाजूला ठेवून डावा आणि उजवा भाग मिळवले तर मधलाच अंक ओळीने यायला पाहिजे. करून बघा, डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. आठ नऊ, आणि मधला नववा.

दुसरं, हर्षद संख्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो ती, हर्ष देणारी म्हणून हर्षद, हेही नाव त्यांचंच, परदेशात निव्हन नंबर म्हणतात. आपल्या नंबरची बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे वर बघितलंच, भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे हर्षद आहे. भावंडांत बाकी कोण हर्षद? अंकांची बेरीज १, ४, ९, १६, २५ अशी वर्गांतच वाढत जाते. १२१ ला ४ ने जात नाही, १२३२१ ला ९ ने जातो, १२३४३२१ विषम म्हणून १६ गेला, पुढे ३६ आणि ६४ ही तसेच गेले, २५ शेवटी १ असल्यामुळे गेला, ४९ गेला कारण सात एकांना ७ ने भाग जात नाही. म्हणजे नऊ जणांत पहिला, तिसरा आणि नववा, एवढेच हर्षद.

आणि तिसरं, ज्याच्यासाठी मी इतकं लिहीत आलो. कापरेकरांचा एक खेळ होता, कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा, नवी संख्या जन्माला येते. १५ मध्ये ६ मिळवले, २१ झाले, म्हणजे २१ चा जनक १५. पण काही संख्यांना जनकच नसतो, २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही, त्या स्वयंभू. इंग्रजीत त्यांना सेल्फ नंबर किंवा कोलंबियन नंबर म्हणतात, आणि तिसरं नाव आहे देवळाली नंबर. हो, आपली देवळाली, कॅम्पाची.

मग साहजिक प्रश्न, १२३४५६७८९८७६५४३२१ देवळाली नंबर आहे का? सतरा अंक आहेत म्हणून घाबरू नका, हे पाच मिनिटांचं काम आहे. जनक असलाच तर तो आपल्या नंबरपेक्षा शंभर एकने लहान असणार, म्हणजे त्याचे पहिले १४ अंक तेच राहणार, १२३४५६७८९८७६५४, बेरीज ७५. शेवटचे तीन अंक शोधायचे. ३२१ मधून ७५ गेले, उरले २४६. म्हणजे अशी तीन अंकी संख्या पाहिजे की तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की २४६ येतील. शतक २ धरा, कारण १ धरला तर कितीही ताणलं तरी २४६ पर्यंत पोचत नाही. २ चे झाले २०२, उरले ४४. दशकाचा अंक ११ ने मोजला जातो, एककाचा २ ने. ११ चोक ४४. दशक ४, एकक ०. मिळाला, २४०! म्हणजे जनक आहे, १२३४५६७८९८७६५४२४०, त्याची अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवले की बरोब्बर आपला नंबर. दशकात ४ सोडून दुसरा कुठला अंक बसत नाही म्हणजे जनक एकच. आपला नंबर देवळालीचा नाही. फळ्यावर इथपर्यंत आलो की वर्गात दरवर्षी एक निराशेचा आवाज होतो.

मग मी म्हणतो थांबा, या जनकाचा जनक काढा. २४० मधून ७५ गेले, १६५. शतक १ चे १०१, उरले ६४. ११ आणि २ मध्ये ६४ बसवायचे. दशकाचा अंक समच लागणार, नाहीतर विषम उरतं. दशक ० घेतलं तर एकक ३२, दशक २ तर एकक २१, दशक ४ घेतलं तर एकक यायला हवा १०. दहा! अंक नवापर्यंतच असतात, एकाने हुकलं. दशक ६ घेतलं तर ६६ होऊन पुढेच जातं. शतक ० धरून काही होत नाही, २ धरलं तर जास्त होतं. संपलं, जनक नाही. १२३४५६७८९८७६५४२४० हा देवळाली नंबर आहे, म्हणजे डोंबिवलीचं नाव लावणाऱ्या आपल्या नंबरचा बाप देवळालीचा निघाला.

हे कुठे वाचलेलं नाही हं, एका बॅचला शिकवता शिकवता आम्ही फळ्यावरच काढलं, आणि तेव्हा चौथ्या बाकावरच्या पोराने टाळी वाजवली होती. कोणीही काढू शकतं, वर दिलंय तेवढंच गणित लागतं.

मुलीला आता असं करायला सांगा, १२३२१ चा जनक काढ, मग त्याचा, मग त्याचा, आणि कुठे जाऊन थांबतं ते बघ. पहिली पायरी सांगून ठेवतो, १२३१२ आला पाहिजे. नाही आला तर शतकाचा अंक परत बघा, बहुतेक तिथेच चुकलेलं असतं. सापडलं की इथेच कळवा, आणि सतरा भागाकारांच्या वहीचा फोटोही पाठवा.